डाव्या भुवईचा तपास

३ फेब्रुवारी, सकाळ

नवी वही. ही फक्त तपासासाठी. रडगाणं, दुखणी, आठवणी यांना हिच्यात जागा नाही. त्यासाठी आधीच्या वह्या भरून पडल्या आहेत.

तपासाचा विषय: बाहेरच्या खोलीतलं जुनं तैलचित्र. एक गृहस्थ, पन्नाशीचे. काळा कोट, उंच पाठीची खुर्ची, हातात पुस्तक, पुस्तकात बोट. सही नाही, साल नाही, नाव नाही. हे गेल्यापासून त्या चित्राकडे कोणी फारसं बघत नाही. मीही नाही. येताजाता दिसतं तेवढंच.

काल वन्सं आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण. त्यांना मान द्यावा लागतो, नाही दिला तर त्या घेतात. अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या, चष्मा लावला, चित्रापाशी गेल्या आणि म्हणाल्या, अगं, हे तर आमचे आजोबा! मी म्हटलं, इतकी वर्षं येताय, आजच बरे ओळखलेत. तर म्हणाल्या, इतकी वर्षं माझा भाऊ ह्याच्याखाली बसून अखंड बोलायचा, भिंतीकडे बघायला फुरसत कोणाला होती?

हे मात्र खरं.

त्यांच्या घरात ठरलेलं आहे, आजोबांच्या वस्तू थोरल्याकडे जायच्या. काठी, कपाट आणि काचा नसलेला चष्मा आधीच त्यांच्याकडे आहे. आता खुद्द आजोबा जाणार. त्यांच्या हॉलचं रंगकाम चालू आहे, ते संपलं की टेम्पो घेऊन येते म्हणाल्या. मी म्हटलं, न्या की. मला काय करायचंय.

त्या गेल्यावर चित्र पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

विचार केला. मला चित्र नको आहे. पण खोट्या माणसाला आजोबा म्हणून कोणी घरी घेऊन जाऊ नये, एवढीच माझी तळमळ. ते आजोबा असतील तर वन्संचे. कोणी परके असतील तर जिथे आहेत तिथे राहतील. यात माझा स्वार्थ काडीचाही नाही. म्हणून ते परके आहेत हे सिद्ध करायचं.

पुरावा म्हणून ह्यांचं बोलणं उपयोगी पडेल असं वाटलं होतं. हे वजनकाटे दुरुस्त करायला दुकानोदुकानी फिरायचे आणि येताना काहीतरी उचलून आणायचे. हे चित्र आणलं तेव्हा मला म्हणाले, एका बंद पडलेल्या दुकानातून आणलं. वन्संना म्हणे सांगितलं होतं, काकांच्या माळ्यावर सापडलं. लेकीला सांगितलं, एका राजाचा हिशेबनीस, राजापेक्षा हुशार होता म्हणून त्याला घालवून दिला. दूधवाल्याला सांगितलं, हा मीच आहे, मागच्या जन्मातला.

हे खोटं बोलत नसत. ज्याला जे आवडेल ते त्याला सांगत. त्यात फरक आहे.

५ फेब्रुवारी

वाचनालयात गेले. माझी शाळा लवकर सुटली, वाचनालय सुटलं नाही. जुन्या चित्रांवरचं जाड पुस्तक मिळालं. ग्रंथपाल म्हणाले, ह्याआधी हे कोणी नेलेलं नाही. म्हणजे ह्या विषयात मी आता बरीच पुढे आहे.

लेकीचा फोन. तिला तपासाचं सांगितलं. तर म्हणते, आई, ते चित्र बाबांसारखं दिसतं म्हणून तुला हवंय, सरळ सांग ना आत्याला. मी ठणकावून सांगितलं की असं काहीही नाही, अजिबात दिसत नाही. ती म्हणाली, अगं, ती डावी भुवई? मी म्हटलं, भुवया सगळ्यांनाच असतात. आणि जरा डोकं चालव, ते बाबांसारखे दिसतात असं म्हटलं की ते बाबांचे आजोबा ठरतात, आणि आजोबा ठरले की टेम्पो आला. म्हणून दिसत नाहीत. ती म्हणाली, पण दिसतात. मी म्हटलं, परत म्हणालीस तर फोन ठेवीन. ती परत म्हणाली. मी फोन ठेवला. मग परत लावला, कारण नातीच्या तापाचं विचारायचं राहिलं होतं.

तपास प्रामाणिक असावा म्हणून नोंद करते. गृहस्थांची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. समोरचा थापा मारतोय हे कळलेलं आहे, पण त्याचं बोलून होऊ दे, असं म्हणणारी. ह्यांची भुवई अशीच होती. हे माझ्या लक्षात आलेलं नाही.

८ फेब्रुवारी, दुपार

आजचा बेत पक्का होता. ह्यांचा एक स्पष्ट फोटो घ्यायचा, चित्राशेजारी धरायचा आणि दोघांत काहीही साम्य नाही हे लिहून काढायचं.

ह्यांचा स्पष्ट फोटो नाही. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले. लेकीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत हे शेजारच्याशी बोलतायत, त्यामुळे कान आणि मान उत्तम आली आहे. ओळखपत्रावरचा फोटो पोलिसांनी लावावा तसा. तोच मोठा करून घेतला होता. मोठा केल्यावर ठिपके झाले. लांबून माणूस दिसतो, जवळ गेलं की ठिपके.

म्हणजे घरात नीट काढलेला चेहरा एकच आहे आणि तो परका आहे.

बेत पुढे ढकलला. दुपारी जरा पडले. डोकं दुखत होतं.

११ फेब्रुवारी

वन्संकडे जाऊन आले. आजोबांचा एकमेव फोटो त्यांच्याकडे आहे. पुस्तकात लिहिलंय की माणसाचा सगळा चेहरा बदलतो, पण कानाची घडण बदलत नाही. चित्रातल्या गृहस्थांचा कान मी दोऱ्याने मोजून नेला होता.

वन्संचं घर म्हणजे युद्धभूमी. सगळं सामान चादरींखाली, मधून रंगाऱ्यांच्या शिड्या. पण एक भिंत पूर्ण झाली होती आणि तिच्यावर, दारासमोर, खिळाही ठोकून झाला होता. त्या म्हणाल्या, आल्या आल्या समोर दिसतील. मी खिळ्याकडे बघितलं. मजबूत होता.

आजोबांचा फोटो कचेरीतल्या लोकांबरोबरचा. मागच्या रांगेत, पुढच्या जाड्या माणसाने अर्धे झाकलेले. कान दिसतो, पण उजवा. चित्रात डावा. वन्सं म्हणाल्या, अगं, माणसाचे दोन्ही कान सारखेच असतात की. मी म्हटलं, पुस्तकात म्हटलंय की नसतात. त्यांनी माझे दोन्ही कान आळीपाळीने बघितले आणि म्हणाल्या, तुझे खरंच नाहीत गं.

घरी येऊन आरशात बघितलं. खरंच नाहीत. इतकी वर्षं कोणी बोललं नाही. ह्यांना ठाऊक असणार. कशावरही बोलणारा माणूस, ह्यावर एक शब्द बोलला नाही.

कानाचा पुरावा बाद.

१४ फेब्रुवारी

आजचा दिवस महत्त्वाचा. सहीचा शोध.

पुस्तकात लिहिलंय की जुन्या चित्रावरचा मळ काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही. मोठमोठ्या संग्रहालयांत हेच करतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हळू फिरवायचा. जेवण झाल्यावर बसले. कोपरे चार, थुंकी मोजकी. मग तोंडाला कोरड पडली. समोर लिंबू चिरून ठेवलं, त्याच्याकडे बघायचं आणि कापूस ओला करायचा. नंतर नंतर कापसाच्या काड्या संपल्या आणि मी बोटाने सरळच काम सुरू केलं.

तेवढ्यात शेजारीण वाटी परत द्यायला आली. दार उघडंच होतं. तिने मला बघितलं, चित्राकडे बघितलं आणि हळूच जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, वहिनी, संसारात राग येतो हो माणसाचा, पण गेलेल्या माणसावर असं थुंकू नये. मी म्हटलं, हे ते नाहीत! ती म्हणाली, हो, हो, नाहीत. मी म्हटलं, खरंच नाहीत, हे परके गृहस्थ आहेत. ती म्हणाली, असंच वाटतं हो शेवटी.

वाटी ओट्यावर ठेवून गेली. जाताना दार ओढून घेतलं, लोकांनी बघू नये म्हणून.

सही नाही. उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका सापडला तेव्हा दिवा जवळ ओढला. पण तो बोटाला चिकटून आला. माशीचा होता.

मात्र कोटाचं एक बटण उजळलं. काय बटण! पितळेचं, त्यावर खिडकीचा उजेड पडलेला. पुस्तकात म्हटलंय की बटणावर खिडकी काढणारा हात साधा नसतो. म्हणजे चित्रकार फार मोठा. मोठा चित्रकार म्हणजे चित्रातला माणूसही मोठा. वन्संचे आजोबा कचेरीत मागच्या रांगेत उभे राहणारे. ते हे नव्हेत.

आज पहिल्यांदा यश डोळ्यांपुढे दिसतंय. डोळे लाल झालेत, ते धुळीने.

१९ फेब्रुवारी, सकाळ

वन्संना फोन करून बटणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या आजोबांच्या कोटालाही बटणं होती.

आणि रंगकाम संपलं. रविवारी टेम्पो घेऊन येतायत.

मी म्हटलं, ह्या रविवारी नको, माझी कंबर धरली आहे, मला चित्र उतरवता यायचं नाही. त्या म्हणाल्या, तू कशाला उतरवतेस, टेम्पोवाला उतरवेल. मी म्हटलं, मला कणकणही आहे. त्या म्हणाल्या, मग मी औषध घेऊन येते आणि राहतेच दोन दिवस. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात हे पसरणारं आहे. मग म्हणाल्या, अगं, तुझ्या आवाजावरून तरी ठणठणीत वाटतेयस. मी खोकले. आणखी एक आठवडा मिळाला.

संध्याकाळी खरंच खोकला लागला. इतकं मनावर घेऊन खोकायला नको होतं.

२२ फेब्रुवारी

निकराचा उपाय. चित्र घेऊन संग्रहालयात गेले.

ह्यांच्या पांघरुणात गुंडाळलं. दुसरं तेवढं मोठं नव्हतं. टॅक्सीवाला म्हणाला, टपावर बांधू. मी म्हटलं, माणसाला टपावर बांधतात का? त्याने मागचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर ठेवलं, तोंड माझ्याकडे करून, धक्क्याला बरं म्हणून.

संग्रहालयाच्या तळघरात एक बाई बसतात. वयाने माझ्या लेकीएवढ्या, केसांत पेन्सिल खोचलेली, कपाळावर भिंग चढवलेलं. लोकांनी आणलेल्या जुन्या वस्तू बघून देतात. माझ्यापुढे एकजण तलवार घेऊन आला होता, तो नाटक कंपनीची तलवार घेऊन परत गेला. भिंगवाल्या बाईंनी चित्र उघडलं, मागून बघितलं, पुढून बघितलं, उजव्या कोपऱ्यात नाक नेलं आणि विचारलं, इथे कोणी काही लावलंय का? मी म्हटलं, शास्त्रोक्त स्वच्छता केली आहे. त्या म्हणाल्या, लिंबाचा वास येतोय.

मग म्हणाल्या, आजी, तुम्हाला नक्की काय शोधायचंय, हे कोण आहेत ते? मी म्हटलं, कोण नाहीत ते. आमच्या घरचे नाहीत एवढं लिहून मिळालं तरी पुरे. त्या हसल्या. म्हणाल्या, इथे येणाऱ्या प्रत्येकाला चित्रातला माणूस आपला पूर्वज हवा असतो. नको म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

मला अभिमान वाटला. खरा तपास असा निःस्वार्थ असतो.

चित्र काही दिवस तिथेच ठेवावं लागेल म्हणाल्या. पांघरूण मात्र मी परत आणलं.

२३ फेब्रुवारी

भिंतीवर फिका चौकोन. त्याखाली ह्यांची खुर्ची. वर कोणी नाही, खाली कोणी नाही.

बाईंना दोनदा फोन केला. एकदा तळघरात दमट नाही ना हे विचारायला. दुसऱ्यांदा दिवा अगदी डोळ्यांवर तर नाही ना हे विचारायला. त्या म्हणाल्या, आजी, वस्तू व्यवस्थित आहे. वस्तू!

खोकला वाढलाय. चहा दोन कप टाकला. एक प्याले. दुसरा गार झाल्यावर प्याले, वाया कशाला घालवायचा.

२४ फेब्रुवारी

काही घडलं नाही. आज फोन करायचा नाही असं ठरवलं. केला. त्यांनी उचलला नाही.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाईंनी बोलावलं. सविस्तर लिहिते, कारण वन्संना एकेक मुद्दा सांगायचा आहे.

चित्र आजोबांचं नाही. नाही म्हणजे नाही. कापड ज्या चौकटीवर ताणलंय तिचे खिळे हाताने घडवलेले, नंतरच्या काळात असे मिळत नसत. रंगाला गेलेले तडे कोटावरून चेहऱ्यावर सलग गेलेत, म्हणजे चेहरा मागाहून कोणी बदललेला नाही. सगळं धरून बाईंचा अंदाज असा, की ह्या गृहस्थांनी खुर्चीत बसून चित्र काढून घेतलं तेव्हा वन्संच्या आजोबांचा जन्मही झाला नसेल. मी विचारलं, खात्री? त्या म्हणाल्या, इथे आजोबा बसणार नाहीत, कुठूनही बसवा.

मी त्यांचे हात धरले. खोकत खोकत आभार मानले.

मग त्या म्हणाल्या, तुम्ही एवढा रस घेतलाय तर एक गंमत दाखवते. आत कोठारात नेलं. तिथे चित्रं उभ्या जाळ्यांना टांगलेली असतात, जाळी ओढली की बाहेर येते. त्यांनी एक ओढली. तीच खुर्ची, तोच काळा कोट, पुस्तकात तेच बोट, पण वर दाढीवाला म्हातारा. दुसरी ओढली. तोच कोट, तेच बोट, कोवळा तरुण. तिसरीवर जाड बाई, झालरीच्या कॉलरची, आणि तिच्या पुढ्यात पुरुषाचा हात, पुस्तकात बोट घातलेला.

बाईंनी समजावलं. हा गावोगाव फिरणारा चित्रकार. काम नसलेल्या दिवसांत हा धडं रंगवून ठेवायचा, खुर्ची, कोट, हात, पुस्तक सगळं तयार. मग गाडीत घालून निघायचा. गिऱ्हाईक भेटलं की एका बैठकीत वर तोंड काढून द्यायचा. सही करत नसे, करण्यासारखं त्याला वाटत नसावं. आम्ही त्याला कशावरून ओळखतो सांगू? असं म्हणून त्यांनी दिवा फिरवला. डाव्या भुवईवरून. त्याला ती कधी जमलीच नाही. तिथे आला की त्याचा हात वर जायचा.

मी बघितलं. म्हाताऱ्याची डावी भुवई वर. तरुणाची वर. त्या जाड्या बाईची वर. तिघंही माझ्याकडे बघत होते, माझं बोलून होऊ दे असं म्हणत.

मी हसले. खूप हसले. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, छे, उत्तम. सगळं माझ्या मनासारखं झालंय.

२७ फेब्रुवारी

विजय.

वन्संना सगळं सांगितलं. खिळे, तडे, धड आणि मुद्दाम भुवई. म्हटलं, साम्याचं म्हणाल तर ते सगळं त्या चित्रकाराच्या हाताचं, ती जाड बाईसुद्धा तशीच दिसते. वन्सं मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. हे पूर्वी कधी घडलेलं नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग म्हणाल्या, बरं. तू एवढं शोधून काढलंस म्हणजे तसंच असणार. मग म्हणाल्या, खरं सांगू, आजोबा मला नीट आठवतही नाहीत. त्या दिवशी तुझ्याकडे चहा पिताना वर बघितलं आणि वाटलं, हा बघतोय. आता थापा सुरू करणार. म्हटलं, आजोबा म्हणून तरी आपल्याकडे येईल.

मी म्हटलं, हो का.

त्या म्हणाल्या, तुझा खोकला कसा आहे?

फोन ठेवला. मुद्देसूद बोलले. कुठे चुकले नाही.

२ मार्च

चित्र घरी आलं. टॅक्सीत ह्या वेळी पायांपाशी आडवं ठेवलं, नीट बसलं. जागेवर लावलं. फिका चौकोन झाकला.

समोर बसले. काहीतरी बिघडलंय. बाईंनी पुसताना हात जड लावला असेल. फोन करून विचारलं. त्यांनी चेहऱ्याला हातही लावलेला नाही.

३ मार्च

स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. चष्मा काढून बघितलं. दिवे न लावता, संध्याकाळच्या उजेडात बघितलं. पाठमोरी होऊन एकदम वळून बघितलं. उजवी बाजू हाताने झाकली, मग डावी झाकली. ह्यांचं पांघरूण खुर्चीवर ठेवून बघितलं. चहाचा कप पुढे ठेवला आणि नेहमीसारखं म्हटलं, काय मग, आज कोणाचा काटा खोटा निघाला?

भुवई वर आहे. पण ती त्या जाड्या बाईची आहे.

निर्धार: हा फक्त थकवा आहे. चार दिवस बघायचंच नाही. मग एकदम बघायचं.

३ मार्च, संध्याकाळ

बघितलं.

४ मार्च

लेकीला व्हिडिओ कॉल केला. फोन चित्रापुढे धरला आणि सहज विचारतेय असं विचारलं, कोणासारखं दिसतंय? ती म्हणाली, कोणासारखंच नाही, आई. मी म्हटलं, नीट बघ, फोन स्थिर धरते. ती म्हणाली, अगं, तू म्हणायचीस तेच बरोबर होतं, मीच उगीच हट्ट करत होते. आता बघितलं तर काहीच नाही. मी म्हटलं, भुवई बघ ना. ती म्हणाली, तूच सांगितलंस ना ती त्या चित्रकाराची खोड आहे? किती छान शोधून काढलंस तू. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

मी म्हटलं, एकदा म्हण ना.

ती म्हणाली, काय म्हणू?

मी म्हटलं, काही नाही, नात काय करतेय?

५ मार्च

तपासात त्रुटी आहेत. खिळे जुन्या चौकटीचे काढून नव्या चौकटीला मारता येतात, हे कोणी का लक्षात घेतलं नाही? तडे सलग गेले म्हणून काय झालं, भिंतीला तडे सलग जातात तेव्हा दोन खोल्या एक होतात का? भिंगवाल्या बाई शिकलेल्या असतील, पण वयाने लहान आहेत. त्यांना फोन करून हे सगळं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ह्याचं बरं वाटलं नाही. म्हणाल्या, आजी, हे तुमच्या घरचे नाहीत असं तुम्हालाच हवं होतं ना?

मग वन्संना फोन केला. सरळ म्हटलं, वन्सं, माझी चूक झाली, ते आजोबाच आहेत, तुम्ही टेम्पो घेऊन या. मनात हिशेब असा, की ते तिथे दारासमोर लागले, वन्संनी ते आजोबा म्हणून चार लोकांना दाखवले, लोक म्हणाले अगदी तुमच्या भावासारखे दिसतात हो, की मीही कधी तिथे जाईन आणि मला परत दिसेल.

वन्सं म्हणाल्या, अगं, मी त्या खिळ्यावर आरसा लावला. मी म्हटलं, काढा. त्या म्हणाल्या, नको गं. आता ते चित्र डोळ्यांपुढे आणलं की मला ती तुझी जाडी बाईच आठवते. दोन दिवस प्रयत्न केला मी. मग हळूच म्हणाल्या, तुलाही तसंच होतंय का?

मी म्हटलं, छे! मला काय होतंय. मला ते चित्र कधी कोणासारखं वाटलंच नव्हतं.

त्या म्हणाल्या, हो. तू पहिल्यापासून म्हणत होतीस.

बराच वेळ दोघींनी फोन ठेवला नाही. शेवटी त्यांच्याकडे दाराची बेल वाजली.

८ मार्च, सकाळ

खोकला कमी. वाचनालयाचं पुस्तक परत करायचं आहे. वहीत अजून बरीच पानं आहेत, पण तपास संपला.

सकाळी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. गृहस्थ समोर बसलेले. मी विस्कटलेले केस मागे सारले, घरात परका माणूस असला की सारतो तसे, आणि कप घेऊन आत गेले.